आधी नोंदी, मग उपाय

अपघात-प्रतिबंधाच्या कामात तुम्ही नव्याने उतरत आहात, तेव्हा फलक आणि घोषणा तूर्त बाजूला ठेवून वस्तीत कोण, कुठे आणि कशामुळे जखमी होते याची दवाखान्यातील नोंद आधी मिळवा. स्वीडनमधील फाल्शोपिंग या शहरातील अपघात-प्रतिबंधाचे काम १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशाच नोंदींवर उभे राहिले. नुसत्या ‘सावध राहा’ या उपदेशाने फारसे साधत नाही, असे माझे ठाम मत आहे. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागाने १९७२ पासून उंच खिडक्यांतून मुले पडू नयेत म्हणून घरोघरी जाऊन पालकांशी संवाद तर साधलाच, शिवाय खिडक्यांना बसवायचे गजही मोफत दिले, आणि १९७६ मध्ये लहान मुले राहतात त्या घरांत गज बसवणे घरमालकांवर बंधनकारक झाले. असे उपाय ठरवण्याच्या बैठकीला परिचारिका, शिक्षक, पालक आणि वृद्ध यांना पहिल्या दिवसापासून बोलवा, आणि उपाय झाल्यावरही नोंदी चालू ठेवा.