पगाराच्या दिवशी पगार किती वाजेपर्यंत खात्यात जमा झाला पाहिजे?

पाच तारीख ठरलेली असूनही पगार रात्री जमा होतो, हे नियमाला धरून आहे का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: ठरलेल्या तारखेला कर्मचारी कामावर हजर होण्यापूर्वी पगार त्याच्या खात्यात असलाच पाहिजे.

मी अनेक वर्षे एका कारखान्याचे पगारपत्रक सांभाळले. पगाराची फाइल आदल्या दिवशी दुपारीच बँकेच्या पोर्टलवर चढवलेली असे. त्यानंतर साहेबांनी लॉगिन करून एकूण रक्कम पाहायची आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, एवढेच काम उरत असे. परंतु ‘तारीख रात्री बारापर्यंत असते’ असे म्हणून ते दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत मंजुरी अडवून ठेवत. आमच्या एका मशीन ऑपरेटरच्या गृहकर्जाचा हप्ता त्याच तारखेला होता. हप्ता सकाळी वसुलीला आला, पुरेशी शिल्लक नसल्याने परत गेला, आणि पगार जमा झाला तो दिवेलागणीनंतर. त्याने पासबुक माझ्या टेबलावर उघडून ठेवले, तेव्हा त्यात एकाच तारखेखाली आधी हप्ता परत गेल्याचे बँकेचे शुल्क, मग त्यावरचा जीएसटी आणि सर्वांत शेवटी पगार अशा नोंदी होत्या. कर्ज देणाऱ्या संस्थेचा दंड वेगळाच. ते पासबुक मी साहेबांना दाखवले, तर शिल्लक ठेवणे ही त्याची जबाबदारी होती, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही.

बँकेच्या वेळेची सबब तर केव्हाच संपली आहे. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याची एनईएफटी सेवा 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास चालते. ज्या ‘नाच’ (NACH) या बँकांच्या सामायिक प्रणालीतून पगार आणि हप्ते दोन्ही जातात, ती 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. म्हणजे हप्ता रविवारी कापला जाऊ शकतो, पण पगार मात्र सोमवारी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर ते ऐकून घेऊ नये.

कायद्याचे म्हणाल तर तो दिवस सांगतो, तास सांगत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार मासिक वेतन पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी द्यावे लागते. त्यामुळे पाच तारखेच्या रात्री पगार देणारी कंपनी कायदा मोडत नाही, हे मान्य करावे लागेल. तसेच एकट्या आपलाच पगार उशिरा येत असेल, तर आधी खाते क्रमांक आणि आयएफएससी तपासावा.

हप्त्याची तारीख पुढे ढकलून घ्या, असा सल्ला आपल्याला मिळेल आणि तो व्यवहार्यही आहे, परंतु त्यासोबत मंजुरी आदल्या संध्याकाळी द्यावी, अशी लेखी मागणी सर्वांनी मिळून करा. पैसे थांबवल्याने व्याज वाचते, असे कोणी म्हणाले, तर चालू खात्यावर व्याज मिळत नाही आणि कॅश क्रेडिटचे, म्हणजे कंपनीने ठरलेल्या मर्यादेत बँकेकडून उचललेल्या कर्जाचे, व्याज दिवसअखेरच्या शिल्लकीवर आकारले जाते, हे त्यांना दाखवून द्या. पगार सकाळी नऊला गेला काय किंवा रात्री नऊला गेला काय, कंपनीच्या व्याजात एका रुपयाचाही फरक पडत नाही.