टँटलमची पट्टी कोणत्या टोकाची?

प्रश्न : एका जुन्या मोजणी-यंत्राच्या बोर्डावर १२ व्होल्टच्या लाइनवरचा १० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा टँटलम कपॅसिटर शॉर्ट झाला. त्याच मापाचा नवा चिप कपॅसिटर पट्टी बघून, ॲल्युमिनियमचा लावतात तसा लावला. स्विच दाबताच तो पेटला. असे का झाले?

उत्तर : पट्टीनेच घात केला. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलायटिकवरची पट्टी ऋण टोक दाखवते, टँटलम चिपवरची धन. तुमचा कपॅसिटर उलटा बसला. पण जुना तर सरळ होता, मग तो का गेला? त्यासाठी आत काय असते ते बघावे लागेल.

टँटलमची पूड तारेभोवती दाबून निर्वात भट्टीत तापवतात, की स्पंजासारखी सच्छिद्र गोळी तयार होते. छिद्रांच्या भिंतींवर विजेच्या साहाय्याने टँटलम पेंटॉक्साइडचा थर चढवतात. तोच विद्युतरोधक. थर चढवताना दिलेल्या दर व्होल्टमागे त्याची जाडी जेमतेम दोन नॅनोमीटर, म्हणून एवढ्याशा चिपमध्ये एवढी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मावते. छिद्रांत मँगनीज डायॉक्साइड भरतात, ती ऋण बाजू.

थरात कमजोर जागा असली तर तिथून प्रवाह गळतो, जागा तापते, लगतचे मँगनीज डायॉक्साइड ऑक्सिजन सोडून कमी वाहक बनते आणि गळती थांबते. ही झाली स्वदुरुस्ती. सप्लाय दणकट असेल तर मात्र स्विच दाबताच येणारा प्रवाहाचा लोंढा त्याआधीच थर फोडतो, आणि सुटलेला ऑक्सिजन तापलेल्या टँटलमला पेटवतो. धूर नव्हे, चक्क ज्वाळा निघते ती यामुळे.

तुमचा जुना १६ चा कपॅसिटर १२ वर, म्हणजे मर्यादेच्या फारच जवळ चालत होता. म्हणून या जातीला छापील व्होल्टेजच्या निम्म्यावरच चालवावे. १२ व्होल्टला २५ चा लावा, थेट बॅटरी किंवा अडॅप्टरच्या तोंडाशी असेल तर ३५ चा. तो आकाराने मोठा असतो, पॅडवर बसेल का ते आधी बघा. पहिल्यांदा वीज देताना प्रवाहमर्यादा असलेला सप्लाय वापरा.

प्रश्न : त्या जागी सिरॅमिक चालेल?

उत्तर : पेटण्याची भीती कमी, पण लहान आकाराच्या १० मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकची धारिता १२ व्होल्टवर निम्म्याहूनही खाली येऊ शकते. टँटलमची तशी घटत नाही. शिवाय काही जुन्या रेग्युलेटरांना (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपना) आउटपुटच्या कपॅसिटरमध्ये थोडा अंतर्गत रोध हवाच असतो. सिरॅमिकमध्ये तो फारच कमी, त्यामुळे रेग्युलेटरचे व्होल्टेज स्थिर न राहता डोलू लागते. डेटाशीट बघितल्याशिवाय बदलू नका.