शिटी हातात घेण्याआधी

प्रश्न : वय २२, कॉलेजपर्यंत फुटबॉल खेळलो. रीतसर पंच व्हायचं आहे. तयारी कशी करू? – एक वाचक, देवगड

उत्तर : महाराष्ट्रातलं फुटबॉल वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे ‘विफा’ पाहते. नव्या पंचांचा वर्ग कधी आहे, ते जिल्हा संघटनेकडून विचारून घ्या. तोवर नियम वाचा. एकूण १७ आहेत, पण सगळ्यात जास्त वेळ बाराव्याला, म्हणजे फाउल आणि गैरवर्तनाच्या नियमाला द्या. नुसत्या निष्काळजीपणाने झालेला टॅकल फक्त फाउल, बेपर्वाईने केलेला पिवळं कार्ड, अवाजवी जोराचा लाल. ही पायरी डोक्यात पक्की नसली की मैदानात हात खिशाशी अडखळतो आणि खेळाडूंना ते लगेच कळतं.

धावण्याचं आतापासूनच धरा. आंतरराष्ट्रीय पुरुष पंचांची कसोटी अशी : ४० मीटर सहा वेळा, प्रत्येकी ६ सेकंदांत, मध्ये एक मिनिट विश्रांती. मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. तुम्हाला लागू असलेल्या वेळा वर्गात विचारा, सराव मात्र याच पद्धतीने करा. पहिले ७५ मीटर बारा सेकंदांत मारणारे पुढे गळतात. इथे शर्यत नाही, वेळेत पोचलात की झालं. ओहोटीची घट्ट वाळू रोजच्या धावण्याला छान, पण किनाऱ्याच्या उतारामुळे एकाच घोट्यावर ताण येतो, म्हणून येताना-जाताना समान धावा. वेळ मोजायची ती मैदानावरच, टेपने अंतर आखून.

शिटी आत गोळी नसलेली घ्या. पावसात गोळी चिकटते. नोंदीला पेन्सिल, शाई पसरते.

प्रश्न : सहायक पंच म्हणून ऑफसाइडसाठी माझा झेंडा घाईने वर जातो. – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : बहुतेकदा नजर पास देणाऱ्यावर असते म्हणून. गोलकीपर धरून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहा. चेंडू त्याच्याही पुढे गेला तर चेंडूच्या रेषेत. मैदानाकडे तोंड ठेवून आडवं सरका. पास सुटला त्या क्षणीच्या जागा मनात धरून ठेवा. नुसतं ऑफसाइड जागेत, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्यात चेंडू आणि शेवटून दुसरा बचावपटू या दोघांच्याही पुढे असणं हा गुन्हा नाही. तिथला खेळाडू चेंडू खेळतो किंवा कुणाला अडवतो का, ते पाहा आणि मगच झेंडा वर करा. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नाहीच.

पंचाने शिटी दिली की झेंड्याने जागा दाखवा : पलीकडच्या बाजूला तिरका वर, मध्यभागी आडवा, आपल्या बाजूला तिरका खाली. ओला झेंडा काठीला गुंडाळला जातो, म्हणून खेळ थांबला की झटकून मोकळा करा.