२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे हाताने कसे पडताळायचे? आणि संगणकातली मर्यादा हीच का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी. संगणकातल्या मर्यादेचा या संख्येच्या मूळ असण्याशी काहीही संबंध नाही. ३२ बिटांत साठवलेल्या पूर्णांकात एक बिट चिन्हासाठी जातो आणि उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या २^३१ − १, म्हणजे हीच २१४७४८३६४७ असते, एवढेच. १६ बिटांची मर्यादा ३२७६७ म्हणजे ७ × ३१ × १५१, आणि ६४ बिटांची मर्यादा २^६३ − १ हिलाही ७ ने भाग जातो. घातांक मूळ असला तरी खात्री नसते: २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

आता पडताळणी. वर्गमूळ ४६३४० च्या थोडे पुढे आहे. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचे तर पावणेपाच हजारांहून जास्त भागाकार होतात. गणितज्ञ ऑयलरने १७७२ च्या सुमारास वापरलेली युक्ती हे काम फारच कमी करते, आणि माझ्या मते ती प्रत्येकाने एकदा तरी कागदावर करून पाहावी.

समजा q हा मूळ विभाजक आहे. मग २^३१ ला q ने भागल्यावर बाकी १ उरते. ३१ मूळ असल्यामुळे याहून लहान घाताला बाकी १ येत नाही, आणि फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे २^(q − १) चीही बाकी १ असते, म्हणून q − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. q विषम आहे, तेव्हा ६२ नेही भाग जातो. शिवाय २^३२ ची बाकी २ येते, म्हणजे q च्या हिशेबात (फक्त q ने भागल्यावरची बाकी पाहिली तर) २ हा (२^१६ चा) वर्ग आहे. हे फक्त q ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ येते तेव्हाच शक्य असते. दोन्ही अटी जोडल्या की q चे दोनच प्रकार उरतात: २४८k + १ आणि २४८k + ६३.

४६३४० पर्यंत असे ३७२ उमेदवार आहेत (६३ सोडून), आणि त्यांतलेही बहुतेक संयुक्त आहेत. २४९ ला ३ ने भाग जातो, म्हणून तो बाद. ३११ मूळ आहे, पण त्याने भागल्यावर बाकी ३५. ४९७ ला ७ ने आणि ५५९ ला १३ ने भाग जातो. पुढचा खरा उमेदवार थेट १३०३. एका सुट्टीच्या दिवसाचे काम आहे.

प्रोग्राम लिहायचा असेल तर लुकास-लेमर चाचणी घ्या. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, २^३१ − १ ने भागून बाकी ठेवा, आणि हे २९ वेळा करा. शेवटी शून्य आले तर संख्या मूळ. संख्या अशा येतात: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४…

इथे तीन ठिकाणी गाडी अडते. वर्ग ६२ बिटांपर्यंत जातो, म्हणून ६४ बिटांचा प्रकार लागतो. एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे टाकून देते, त्यामुळे तिथे हा हिशेब करूच नका. तिसरी चूक लवकर सापडत नाही. भागाकार टाळण्यासाठी खालचे ३१ बिट आणि वरचे बिट यांची बेरीज केली जाते. ही रीत बरोबर आहे, पण २ आधी वजा करून मग बेरीज केली, तर शेवटच्या फेरीत ० ऐवजी २१४७४८३६४७ हीच संख्या उरते आणि प्रोग्राम तिला संयुक्त ठरवतो. उत्तर या संख्येइतके आले तर ते शून्य धरा.