गोरिला अंगावर आला तर पळायचं का?

प्रश्न: आम्ही दोघं जूनमध्ये युगांडाला ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायला जातोय. परमिट काढलंय. सिल्व्हरबॅक (पाठीवर चंदेरी केस असलेला मोठा नर) अंगावर धावून आला तर काय करायचं? आणि माझ्या मिस्टरांना सर्दी लगेच होते, त्याने काही अडतं का?

उत्तर: पळायचं तर अजिबात नाही! बहुतेक वेळा तो नुसता दम देतो, छाती बडवतो, चार पावलं धावतो नि थांबतो, तेव्हा गाईड सांगेल तसं खाली बसा, नजर खाली, हात अंगाशी, आणि तो मागे गेला की मगच हळू उठा.

पण खरं सांगू का, मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची जास्त काळजी वाटते. गोरिला आपले इतके जवळचे नातेवाईक की आपली साधी सर्दी त्यांना न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. म्हणून तर मास्क, १० मीटर अंतर, एका कुटुंबाजवळ दिवसाला ८ च पर्यटक आणि तेही तासभरच. तुमच्या मिस्टरांना त्या दिवशी सर्दी-खोकला असेल तर सकाळी ब्रीफिंगलाच रेंजरला सांगून टाका, पैसे गेले म्हणून गोळी घेऊन लपवू नका प्लीज. शिंक आलीच तर तोंड फिरवून कोपरात.

पिल्लं कुतूहलाने स्वतःच जवळ येतात, तेव्हा हात लावायचा मोह होतो, पण मागे सरकायचं आपणच. फ्लॅश बंद, खाणं बॅगेतच. आणि पोर्टर जरूर घ्या, चिखलात चढताना हात देतो आणि गावात चार पैसे जातात.