नवा घेट्टो आधीचा, जुना नंतरचा

प्रश्न : उद्यमबागेत एका फौंड्रीत मी तीस वर्षं मोल्डर आहे. धाकटी लेक कामासाठी इटलीला गेलीय. व्हेनिसच्या ज्यू वस्तीचे फोटो तिनं पाठवले. खाली लिहिलंय, 'नवा घेट्टो' १५१६ चा, 'जुना घेट्टो' १५४१ चा. हे उलटं कसं काय, सर? लिहिताना चुकलं काय?
— एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : चुकलेलं नाही. उत्तर तुमच्याच धंद्यात आहे! व्हेनिसच्या बोलीत 'जेत्तो' म्हणजे धातू ओतायची जागा. कान्नारेजो भागात तिथल्या सरकारची तांब्याची फौंड्री होती, तोफाही तिथंच ओतत. एक जागा जुनी, कालव्यापलीकडच्या बेटावरची नवी. पुढं फौंड्री हलली, नावं राहिली. आपल्याकडं तिसऱ्या रेल्वे गेटवर उड्डाणपूल झाला, पण रिक्षावाल्याच्या तोंडी 'थर्ड गेट'च आहे की.

२९ मार्च १५१६ ला सिनेटनं हुकूम काढला : शहरातल्या ज्यूंनी त्या 'नव्या' बेटावरच राहायचं. ऑटोमन, म्हणजे तुर्की सुलतानाच्या मुलखातून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांसाठी १५४१ मध्ये 'जुनी' जागा जोडली. १६३३ मध्ये तिसरा तुकडा आला, 'सर्वांत नवा'. गंमत म्हणजे तिथं फौंड्री कधीच नव्हती. जर्मनीकडून आलेल्या ज्यूंच्या तोंडी 'जेत्तो'चं 'घेत्तो' झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

रात्री दरवाजे बंद, आणि पहारेकऱ्यांचा पगार आतल्यांच्याच खिशातून. याला काय म्हणावं! माणसं वाढली, जागा वाढेना, म्हणून घरं वर चढली. मुलाकडं गेलो होतो तेव्हा त्या चौकात उभा राहून मी मजले मोजले. सातापर्यंत गेलो आणि मान अवघडली. छतं इतकी ठेंगणी की एका उंचीत बाकीच्या शहराहून एखाद-दोन मजले जास्तच बसवलेत. प्रार्थनास्थळंही वरच्या मजल्यावर. १५२८ चं जर्मन ज्यूंचं सर्वांत जुनं. खालून ओळखायची खूण म्हणजे ओळीनं पाच मोठ्या खिडक्या.

दरवाजे १७९७ मध्ये नेपोलियनच्या फौजेच्या वेळी तोडले. पण १९४३-४४ मध्ये व्हेनिसमधून दोनशेंहून जास्त ज्यूंना नाझी छावण्यांत नेलं, त्यांतले आठ परतले. चौकातल्या भिंतीवर त्यांच्या आठवणीसाठी ब्राँझची शिल्पं आहेत. ती ओतीव आहेत, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो. लेकीला त्यांचा जवळून फोटो काढायला सांगा. फक्त शनिवारी जाऊ नको म्हणावं, त्या दिवशी तिथलं संग्रहालय बंद असतं.