बी.कॉम. झालंय, आयटीत शिरायला कॉम्पटिया ए-प्लस करू की सीसीएनए?

नेटवर्किंगकडे जायचं पक्कं असेल तर थेट सीसीएनए (सिस्को कंपनीचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र) करा. नेटवर्क टीमसाठी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो, त्यावरून सांगतोय. ए-प्लस हे कॉम्पटिया संस्थेचं संगणक सपोर्टचं प्रमाणपत्र, त्याला दोन पेपर आणि दोन्हींची फी वेगळी. सीसीएनएला २००-३०१ हा एकच पेपर, पदवीची अट नाही, त्यामुळे कॉमर्सवाल्यांचं काही अडत नाही. पण प्रमाणपत्रामुळे फार तर मुलाखतीला बोलावणं येतं. तिथे मी हटकून विचारतो: "पीसीचा आयपी १६९.२५४ ने सुरू होतोय, काय झालं असेल?" डीएचसीपी सर्व्हरकडून (तो संगणकांना आयपी म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटतो) पत्ताच मिळालेला नाही हे ओळखून केबल, स्विचचा पोर्ट, व्हीलॅन (स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे गट) असं क्रमाने तपासत जाणारा उमेदवार मला हवा असतो. डम्प (परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नांचे संच) पाठ करून हे येत नाही, त्यासाठी सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरवर (नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं) रोज लॅब करा. मात्र हेल्पडेस्क किंवा डेस्कटॉप सपोर्टचंच काम हवं असेल तर ए-प्लसचा अभ्यासक्रम जास्त जवळचा आहे. एमएस-सीआयटी झालेलं असेल तर ते यात धरू नका, ती संगणक साक्षरतेची परीक्षा आहे.